सातव्या महिन्यातली पाहुणी

११ ऑगस्ट २०१८

आज चांद्र पंचांगातल्या सातव्या महिन्याचा पहिला दिवस. दारापुढे टेबल मांडलं. भात, कलिंगड, बिस्किटांचे पुडे, तोंड धुवायला घमेलंभर पाणी आणि नवा कोरा टॉवेल. ज्या मेलेल्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी. त्यांना भूत म्हणायचं नाही, ‘भले भाऊ’ म्हणायचं, याबाबतीत आई फार कडक आहे.

दुपारी आई जेवता जेवता थांबली. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली आणि म्हणाली, “अशी उभी का? बस ना.”

मी मोरीत भांडी विसळत होते. हात तसेच पुसत आत आले. “कोणाला म्हणतेस?”

“गेली आत्ता. केस ओले होते तिचे.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “ताई?”

सत्तेचाळीस वर्षांत हा शब्द या घरात कोणी उच्चारला नव्हता. आईने माझ्याकडे बघितलं आणि मग वाटीतला उरलेला भात बाजूला सारला. “हा राहू दे तिला,” म्हणाली.

१२ ऑगस्ट

झोप नीट लागली नाही. ताईबद्दल इथे लिहून ठेवते, म्हणजे डोकं हलकं होईल.

ताईचं नाव चाय-यून. ती वीस वर्षांची होती, दादा सोळाचा, मी तेराची. भरतीओहोटीचं गणित चुकलं. ती कालवं काढायला चिखलात लांबवर गेली आणि पाणी आलं. आमच्या लुकांगच्या किनाऱ्याला पाणी आलं की धावून उपयोग नसतो. समुद्राने तिला परत दिलं नाही. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे देव्हाऱ्यावरच्या पूर्वजांच्या पेटीत तिच्या नावाची लाकडी पट्टी जायचा प्रश्नच नव्हता. मुलीचं नाव तिच्या सासरच्या पेटीत जातं. सासर नसेल तर कुठेच नाही. बाबा सुतार होते, गावातल्या निम्म्या पेट्या त्यांच्या हातच्या, पण त्यांनीही ताईचा विषय काढला नाही.

दादाला फोन केला. तो म्हणाला, “वय झालंय तिचं. अठ्ठ्याऐंशी म्हणजे काय चेष्टा आहे? डॉक्टरला दाखव.”

डॉक्टरला दाखवलं. आईने त्याला आजची तारीख, परक्या राजवटीतल्या गव्हर्नरपासून आजवरचे सगळे साहेब, आणि त्याच्या आजोबांनी शेजारणीशी केलेलं भांडण, सगळं सांगितलं. डॉक्टर हसून म्हणाला, डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे.

१५ ऑगस्ट

रोज येते म्हणे. दुपारीच, जेवणाच्या वेळी. आज मी खोदून विचारलं.

“कशी दिसते?”

“दमलेली.”

“अंगात काय असतं?”

“हिरवं.”

ताईकडे हिरवं काहीच नव्हतं. एक निळा ब्लाउज होता, तो मला फार हवा असायचा. पण मेलेल्यांच्या कपड्यांचं आपल्याला काय कळतं?

“काही बोलते का?”

“ती कसली बोलतेय. सगळ्यांचं होईपर्यंत उभी राहते. मग कोपऱ्यात उभ्याउभ्याच दोन घास खाते, पाणी पिते, जाते.”

हे सांगताना आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला रडताना मी बाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. जेवण मात्र रोज अर्ध्यावर सोडते. मनगटातली बांगडी आता कोपरापर्यंत सरकते.

आज पंखे, जाळ्या, माळा, सगळं साफ केलं. पोस्टाचे जुने शर्ट अशा कामांना बरे. पस्तीस वर्षं घातले, कापड अजून विरत नाही.

१७ ऑगस्ट

दादा आणि वहिनी आले. सोबत चांगह्वा शहरातला एक माणूस, ज्याच्या अंगात देव येतो. वहिनीच्या ओळखीचा. देव आला, टेबलावर हात आपटले आणि सांगितलं की पोरीला नवरा पाहिजे. तिचं लग्न लावा. लाल पाकिटात तिची जन्मवेळ घालून रस्त्यात ठेवा, जो पुरुष उचलेल तो नवरा. मग त्याच्या घरच्या पेटीत तिची पट्टी जाईल आणि ती शांत होईल.

मी म्हणाले, “जिवंत असताना तीन स्थळं नाकारली तिने. आता रस्त्यावर जो वाकेल त्याच्या गळ्यात बांधायची?”

“तू गप्प बस,” दादा म्हणाला. “तुला या गोष्टीतलं काय कळतं?”

वहिनी म्हणाली, “पी-श्या, चिडू नका हो. तिच्या भल्याचंच बोलतोय आम्ही.”

वहिनी वाईट नाही. घाबरलेली आहे. तिच्या सुनेला दिवस गेलेत.

जाताना दादाने दारात चपला घालता घालता सांगितलं की सण झाले की आईला तो घरी नेणार. पूर्वजांची पेटीही नेणार, त्याच्या नळांच्या कारखान्याच्या वर नवी खोली बांधली आहे.

“आणि हे घर?”

“बघू.”

मी पुढे काही विचारलं नाही. लग्न केलं नाही, पोस्टाची पेन्शन आहे, माझं मी बघीन. रोज सकाळी डोकं धुऊन पेटीपुढे उदबत्ती लावायची सवय आहे, ती मोडायला जरा जड जाईल, एवढंच.

१८ ऑगस्ट

सकाळी सायकल काढली आणि लसणाच्या शेतांपलीकडच्या विहारात गेले. तिथे तीन भिक्खुणी राहतात. थोरल्या गुरुमाय, शिफू ज्वे-यिन. त्यांना मी पोस्टात पार्सलं घ्यायला येताना बघायचे. सत्तरीच्या आहेत, स्कूटर चालवतात, आणि चीवर घ्यायच्या आधी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या म्हणे. गेले तेव्हा उकिडव्या बसून कोबीवरच्या अळ्या वेचत होत्या आणि एकेक अळी कुंपणापलीकडे नेऊन सोडत होत्या.

मी सगळं सांगितलं. मग म्हणाले, “शिफू, तुमच्याकडे भिंतीवर नावं लावता ना, तिथे ताईला जागा द्या. आमच्या घरात तिला जागा नाही.”

“जागा आहे,” त्या म्हणाल्या. “आजच लावते नाव. पण तिला इथे आणताय कारण इथे बरं आहे, का तिथे नको आहे म्हणून?”

मीही वाकून एक अळी उचलली.

मग मी विचारलं, ते खरं तर मलाच हवं होतं. बुद्धाच्या मार्गात तर मेलेला माणूस एकोणपन्नास दिवसांत नवा जन्म घेतो म्हणतात. मग सत्तेचाळीस वर्षांनी येते ती कोण?

त्यांनी हातातली अळी सोडली आणि चिखल झाडला. “काही जीव वासनेने अडकतात. पोट डोंगराएवढं आणि घसा सुईएवढा. समोर अन्न असून गिळता येत नाही. अशी योनी आहे असं आम्ही मानतो, आणि त्यांना घास पोचावा म्हणून सूत्रं म्हणतो. तुमच्या घरात तसा जीव आहे का, ते मला इथे बसून कसं कळणार? भूक आहे एवढं दिसतंय. कोणाची ते बघायला यावं लागेल. सोमवारी जेवायला येते. अकराला वाढा, बारानंतर मी खात नाही.”

मला वाटलं होतं मंत्र देतील, पाणी देतील. त्यांनी मला दोन कोबी दिले.

२० ऑगस्ट

शिफू आल्या. लसूण, कांदा काही न घालता टोफू, सुरणासारखा तारो, कोबी आणि वाळवलेल्या मुळ्याचं सूप केलं. आईला आणि त्यांना वाढलं. आई आज नीट बसली होती, केसांना तेल लावून.

शिफूंनी आईला विचारलं, “आली का?”

“अजून नाही,” आई म्हणाली. “आपलं झाल्यावर येईल.”

मी भात वाढला, सूप वाढलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. शिफू म्हणाल्या, “तुम्ही कुठे बसता?”

“मी नंतर. माझं काय, तिथे ओट्यापाशी उभ्यानेच होतं.”

शिफूंनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि आईकडे बघितलं. आईनेही त्यांच्याकडे. मला वाटलं मीठ जास्त झालं. चाखून बघितलं, बरोबर होतं.

जेवण झाल्यावर त्या देव्हाऱ्यापुढे तीनदा वाकल्या. मला नवल वाटलं. आमच्या पूर्वजांना भिक्खुणी कशाला वाकेल? त्यांनी विचारलं, “रोज उदबत्ती कोण लावतं?”

“मी.”

“किती वर्षं?”

मोजून सांगितलं, बेचाळीस.

“पेटी शेवटची कधी उघडली?”

“बाबा गेले तेव्हा भटजींनी पट्टी आत सरकवली. आपण उघडायची नसते. बाबा असताना तेच करायचे.”

जाताना मला म्हणाल्या, “पंचवीसला सगळ्यांनी या. भावालाही आणा. तो नाही म्हणाला तर मला फोन द्या.”

२१ ऑगस्ट

आज मीही पाहिलं.

दुपारी तीनच्या सुमाराला. आई खुर्चीत डुलकी घेत होती. मी जाळ्यांचं राहिलेलं काम उरकून देव्हाऱ्याच्या काचा पुसायला आले, आणि काचेत आईच्या मागे एक बाई उभी. हिरवं ल्यालेली. खांदे पडलेले, केस डोक्याला चिकटलेले. तोंड दिसलं नाही, उन्हाची तिरीप होती. मागे वळले तर भिंत.

हे कोणाला सांगणार नाही. एक मात्र खरं, मला भीती वाटली नाही. तिची फार दया आली.

२५ ऑगस्ट

विहारात उलंबनाची, म्हणजे भुकेल्या मेलेल्यांना जेवू घालायची पूजा. दादा आला. शिफूंनी फोनवर काय सांगितलं देव जाणे. आला तो तोंड वाकडं करून, हातात मोबाईल, सारखे नळांच्या ऑर्डरींचे मेसेज. आपले नळ अर्ध्या युरोपात जातात हे तो पूजेतही एका म्हाताऱ्याला ऐकवत होता.

पिवळ्या कागदांवर मेलेल्यांची नावं, लाल कागदांवर जिवंतांची. आईने ताईचा पिवळा कागद केला आणि माझ्या नावाचा लाल. लाल कशाला, मी बरी आहे, असं मी म्हणाले. “असू दे गं,” म्हणाली.

शिफू उंच आसनावर बसल्या. एरवी स्कूटरवर हेल्मेट घालून फिरणारी हीच बाई, आणि आज तिच्याकडे बघून हात आपोआप जुळत होते. आवाज मोठा नाही, पण मंडपात शेवटच्या माणसापर्यंत जात होता. बोटांच्या मुद्रा करून त्या बंद घसे उघडत होत्या, तांदूळ आणि पाणी चारी दिशांना शिंपडत होत्या. ज्यांना मुलं आहेत त्यांना, ज्यांना नाहीत त्यांना. जे लढाईत मेले, बाळंतपणात मेले, पाण्यात मेले. ज्यांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत त्यांना. एकालाही वगळलं नाही. बेचाळीस वर्षं मी उदबत्ती लावते ती आमच्या घराण्यापुरती. इथे एक बाई मूठभर तांदळात सगळ्या जगाला जेवायला बोलावत होती.

मग नावं वाचली. “चाय-यून.” मोठ्याने, सगळ्यांपुढे.

दादाचा मोबाईल खाली पडला. त्याने तो उचलला नाही. पूजा संपल्यावर मंडपामागे हौदापाशी तो उभा होता, त्रेसष्ट वर्षांचा माणूस, शर्टाच्या बाहीने नाक पुसत. शिफू तिथे पाणी भरायला आल्या. त्यांना सांगत होता, का मला, कळलं नाही. “त्या दिवशी कालवांची पाळी माझी होती. माझी परीक्षा होती. अभ्यास करतो म्हणालो आणि झोपलो. ती म्हणाली झोपू दे त्याला.”

शिफू म्हणाल्या, “मग तुमच्या झोपेवर पांघरूण घालून गेली ती. अशी मुलगी रागावून परत येईल का?”

“मग का येते?”

“ती येते असं कोण म्हणालं?” एवढं बोलून त्या बादली घेऊन गेल्या.

दादाने लाल पाकिटाचा विषय पुन्हा काढला नाही.

२८ ऑगस्ट

अजून येते! आज आईने निम्मा भात ठेवला. मग ती एवढी पूजा कशासाठी? मी सायकल काढून विहारात गेले आणि शिफूंना बोलले. थोडं जास्तच बोलले. पस्तीस वर्षं पोस्टाच्या हिरव्या शर्टात गिऱ्हाइकांचं ऐकून घेतलं, एकदा तरी बोलायचा हक्क आहे.

त्यांनी ऐकून घेतलं. अजिबात खजील झाल्या नाहीत. “चांगलं झालं,” म्हणाल्या. “म्हणजे ती तुमची ताई नाही.”

“मग कोण?”

“तुमच्या आईने कधी ‘ताई’ म्हटलं?”

घरी येईपर्यंत आठवत होते. पहिल्या दिवशी ताईचं नाव मीच घेतलं. आईने ‘हो’ म्हटलं नव्हतं, ‘नाही’ही म्हटलं नव्हतं. मग दुसरी कोण असेल? या घरात दुसरी कोणी मेलेली नाही.

२ सप्टेंबर

शिफूंनी दादाला बोलावून घेतलं. आईला म्हणाल्या, “तुम्हाला जे म्हणायचं आहे ते मला नको, मुलाला सांगा. मी बाहेर बसते.” आई आणि दादा आतल्या खोलीत गेले, दार लावलं.

आम्ही दोघी अंगणात शेंगा सोलत बसलो. मी विचारलं, “पूर्वज तर केव्हाच नवे जन्म घेऊन कुठेकुठे गेले असतील. मग रिकाम्या लाकडाला मी बेचाळीस वर्षं हात जोडतेय का?”

“लाकूड तर रिकामंच आहे,” त्या म्हणाल्या. “पण त्यापुढे हात जोडणाऱ्या तुम्ही रिकाम्या नाही. मी एवढी सूत्रं पाठ केली, तरी एखाद्या घरात रोज न चुकता असं कोणी वाकलेलं दिसलं की मला शिकायला मिळतं. म्हणून त्या दिवशी वाकले. पेटीला नाही हो.”

मी पुढची शेंग घेतली, ती आधीच सोललेली होती.

आतून दादाचा आवाज आला, “आई, असं कसं करता येईल?” आणि मग आईचा, जो मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता, “का नाही? मी डोळे मिटल्यावर तिनेही दारात उभं राहायचं का?”

तासाभराने दादा बाहेर आला. डोळे लाल. मला म्हणाला, “घर विकत नाहीये मी. पेटी इथेच राहील. आईही.” आणि मग, “तू जेवलीस का?” हे त्याने मला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

आईचा आमच्या दोघी बहिणींत घोळ झाला असावा. तरी एवढ्याने दादा वळला, बरंच झालं.

१० सप्टेंबर

महिना संपला. भले भाऊ आपापल्या वाटेने गेले. आई वाटीभर भात पूर्ण खाते, वर मुळ्याचं लोणचं मागते. पण मी समोर बसल्याशिवाय चॉपस्टिक्स उचलत नाही. हट्टच धरलाय. सगळं आधी टेबलावर आणून ठेवायचं आणि मग दोघींनी बसायचं, अशी नवी शिस्त.

१७ ऑक्टोबर

आज नवव्या महिन्याची नवमी. पेटी उघडायला हाच दिवस चालतो. दादा ठरवून आला होता, चंदनाची एक पट्टी कापून, घासून. त्यावर ताईचं नाव त्याने स्वतः लिहिलं होतं. भटजी नको म्हणाला. वहिनीही आली, फळं घेऊन. तिची भीती गेली नव्हती, पण आली. शिफू एका बाजूला सूत्र म्हणत उभ्या राहिल्या.

दादाने पेटी खाली उतरवली. पुढची फळी बाबांनी अशी बसवली होती की खिळा नाही, कडी नाही, नुसती वर सरकवायची. आतून जुन्या लाकडाचा वास आला. पट्ट्या एकेक करून काढून लाल कापडावर मांडल्या. बाबा, आजी, आजोबा, पणजोबा, त्यांच्या मागचे. शाई फिकी झालेली.

सगळ्यात मागे, फळीला टेकून, एक पातळ पट्टी होती. इतरांपेक्षा अरुंद. शाईने नाही, पेन्सिलने लिहिलेली. सुताराची चपटी पेन्सिल, बाबा कानावर ठेवायचे ती.

दादाने वाचलं. चाय-यून. जन्माची वेळ. पाण्यात गेली ती तारीख. खाली दोन शब्द, ‘माझी लेक’.

बाबांनी ती केव्हा ठेवली, ते आता कोण सांगणार? आमच्या आजीची पट्टी घालताना पेटी उघडली होती, तेव्हा असेल, किंवा आणखी आधी. एवढी वर्षं मी लावलेली प्रत्येक उदबत्ती ताईलाही पोचत होती आणि मला माहीत नव्हतं. आईने हात पुढे केला. पट्टी तळहातावर घेतली, अंगठा अक्षरांवरून हलकेच फिरवला. “मला सांगितलं असतं तर,” एवढंच म्हणाली. रागाने नाही.

दादाने स्वतःची नवी पट्टी खिशात टाकली. शिफूंनी त्याला म्हटलं, “ठेवा जपून. केलेलं वाया जात नाही.”

मग त्याने सगळ्या पट्ट्या पुन्हा आत लावल्या. ताईची या वेळी पुढे, बाबांच्या शेजारी. फळी सरकवायच्या आधी तो थांबला. आत डोकावला, दोन बोटं घालून मागची मोकळी जागा मापली. नळांचा धंदा करणारा असला तरी सुताराचा मुलगा आहे. माझ्याकडे न बघता म्हणाला, “पी-श्या, आत अजून जागा आहे. बरीच आहे.”

“अशुभ बोलू नकोस,” मी म्हणाले. “चांगली साठीची आहे मी. एवढ्यात नाही येत.”

“घाई नाही,” तो म्हणाला. “सांगून ठेवलं. माझ्या मुलालाही सांगितलंय.”

आई हसली. वहिनी हसली. मी कोणाचं तरी सूप गरम करायचं निमित्त काढून आत गेले, गॅस पेटवला, आणि त्यावर काहीच न ठेवता बराच वेळ तशीच उभी राहिले.